ट्राम, मेट्रो आणि नीरेचा डावा कालवा

प्रिय इरा आणि निखिल,

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं जे भांडलात, त्याचा निवाडा करायला मला दोन महिने लागले. मेलबर्नला इरा शाळेत जाते ती ट्राम. बोस्टनला निखिल जातो ती गाडी दिसायला अगदी तशीच, पण गावात शिरली की जमिनीखाली जाते, म्हणून निखिल म्हणतो ती सबवे, म्हणजे मेट्रो. इरा म्हणाली, सबवे कसली, ती लाइट रेल. निखिल म्हणाला, मग तुझीसुद्धा लाइट रेलच. शेवटी दोघंही माझ्यावर घसरलात, "आजी, तूच सांग. तुझं इंग्रजी आमच्यापेक्षा जुनं आहे."

मी तुमचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. दोन शब्दकोश आणि एक ज्ञानकोश काढला. ट्राम, लाइट रेल, मेट्रो, उपनगरी रेल्वे, मोनोरेल असे पाच रकाने आखले, तांबड्या शाईने रेघा मारल्या आणि अर्थ भरले. तो तक्ता तुम्हाला पाठवणारच होते. पण मागच्या आठवड्यात मी बारामतीहून परत आले आणि त्यावर आडवी रेघ मारली. का मारली ते आत्ताच लिहिते आहे, कारण तिथलं बोलणं अजून कानात आहे आणि माझ्या वयात कानातलं फार दिवस राहत नाही.

काटेवाडी, पहिला दिवस

तुमच्या आजोबांची बँकेतली बदली एकदा बारामतीला झाली होती. तीन वर्षं मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आठवीत मंगल नावाची मुलगी होती, निबंधात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह काढायची. तिचं लग्न काटेवाडीजवळच्या वस्तीवर झालं. वस्ती म्हणजे गावापासून दूर, शेतातच बांधलेली दोनचार घरं. जानेवारीत तिचा फोन आला.

"बाई, कोमलची मुलाखत हाय. मेट्रोतली. गाडी चालवायची नोकरी! चार दिवस येता का? इंग्रजीला घाबरती पोरगी!"

फोनवरही उद्गारचिन्हं ऐकू येत होती. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

कोमल मंगलची धाकटी. वय बावीस, विजेच्या कामातला डिप्लोमा केलेली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. सकाळी स्कूटरवर जाते, चारला परत येते. ते कंत्राट मार्चअखेर संपणार होतं आणि त्यापुढे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दोन ठिकाणी ती मुलाखतीत पडली होती. हे तिसरं ठिकाण, आणि हातात तीन दिवस.

बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याचं पिठलं आणि शेतातल्या वांग्याचं भरीत असं जेवण झालं. मग मी विचारलं, "कोमल, मेट्रोत बसली आहेस ना?"

"न्हाय आजी. पुण्याला चारदा गेले, चारी वेळा परीक्षेला. मेट्रो खालून बघितली."

"मग लाइट रेल म्हणजे काय सांगशील?"

तिने हात पाठीमागे बांधले आणि एका दमात इंग्रजी व्याख्या म्हणून दाखवली. चूक एक नाही आणि अर्थाचा पत्ता नाही. मी म्हटलं, आता मराठीत सांग. ती गडबडली.

"म्हणजे... डबा हलका असतो?"

"बरोबर," मी म्हटलं.

बाळांनो, कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या तक्त्यातही तेच होतं. पन्नास वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, आणि लाइट म्हणजे हलका एवढ्यावर थांबले होते.

कोपऱ्यात मंगलचे सासरे बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वय एक्याऐंशी. तीस वर्षं ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे कालव्याकाठी पायी फिरून ज्याच्या त्याच्या शेताला पाळीपाळीने पाणी देणारा माणूस. ते म्हणाले, "हलका डबा आन् जड डबा. डब्यावरनं कशाला वळखायचं? घागर बघून हीर वळखती का कुनी?"

मंगल म्हणाली, "तात्या, तुमी गप बसा. तिला पाठ करू द्या."

दुसरा दिवस, कालव्यावर

पहाटे तात्यांचा मोबाईल वाजला. नोकरीतून उतरून वीस वर्षं झाली तरी लोक अजून त्यांनाच विचारतात. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "तात्या, शेपटीला पानी पोचलं का वो?"

"बघून सांगतो," तात्या म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

मी मंगलला म्हटलं, "अगं, टोकाला ज्याचं शेत आहे त्याला एक फोन करून विचारता येईल की."

"न्हाय ऐकायचे, बाई. तीस वर्षांत घरात बसून 'पोचलं' म्हणून कधी सांगितलं न्हाय. डोळ्यानं बघणार, मगच बोलणार. आमच्या घरात मीठ संपलं का विचारलं तरी 'बघून सांगतो'!"

कोमलला सुट्टी होती. ती आणि मी तात्यांच्या मागोमाग गेलो.

नीरेचा डावा कालवा मी त्या तीन वर्षांत रोज पाहिला असेल, बारामती गावातूनच तो जातो. पण त्या सकाळी तो मला पहिल्यांदा दिसला. दोन्ही बाजूंना उंच भराव, मध्ये भरून वाहणारं पाणी, त्याच्यावर धुक्याचा पातळ पदर. खळखळ नाही, लाट नाही. एक प्रचंड वस्तू जागची हलते आहे आणि आवाज करत नाही, असं पाहिलं की माणूसही आवाज करत नाही. मी तात्यांना हळूच विचारलं, "याला ढकलतं कोण?"

"कुनी न्हाय. मैलाला वीतभर उतार. नुसता वीतभर! गोऱ्या साहेबांच्या काळात मापं काढून खांदलाय. इंजान न्हाय, पंप न्हाय. पार इंदापूरपातुर आपला आपन चालत जातो."

एका मैलाला एक वीत. उभं राहून पाहिलं तर जमीन सपाट दिसते. पाण्याला मात्र ते कळतं. माझे डोळे भरून आले, ते थंडीने असं मी कोमलला सांगितलं.

पुढे फाटा लागला. कालव्यातून निघणारा लहान कालवा म्हणजे फाटा. त्यातून निघते ती चारी, आणि चारीतून शेतात जातो तो पाट. आम्ही चारीच्या कोरड्या तळाशी उभे होतो. तात्यांनी मान वर केली, नाक ओढलं.

"आलं."

मला काही दिसत नव्हतं. मग वास आला, वाळलेली माती भिजल्याचा. पाणी अजून वळणापलीकडे होतं, त्याचा वास आधी पोचला. इरा, दिल्लीला मी मेट्रोच्या भुयारी फलाटावर उभी होते तेव्हा असंच झालं होतं. गाडी दिसायच्या आधी बोगद्यातून वारा आला होता. मी ते कोमलला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मेट्रोत खरीच माणसं चढतात हे तिला तेव्हा पटलं असावं.

पाटात पाणी आलं, आणि मग मी पाटात पडले. पडले म्हणजे, ओलांडताना पाय घसरला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. ती पाण्यावर तरंगत डोलत चालली. मी "अगं, अगं" करते आहे, कोमल धावायला निघाली, आणि तात्या काठीवर रेलून हसताहेत.

"पळू नगंस गं. बाईंची चप्पल आता गोरखच्या वावरात निघंल. त्याचीच पाळी हाय. त्याच्या वरचं सगळं बंद हाय."

"खात्रीने?" मी विचारलं.

"चप्पल काय, लगीनपत्रिका सोडली तर गोरखलाच मिळंल. पाळी शेपटीकडनं सुरू होती, बाई. आधी शेवटचा, मग त्याच्या वरचा. वरच्यानं आधी घेतलं तर खालच्याला थेंब न्हाय."

वीस मिनिटांनी गोरख नावाचा तरुण शेतकरी एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात माझी चप्पल घेऊन आला. "कुनाचं पार्सल हाय?" म्हणाला.

आम्ही बांधावर बसलो. मी पाय धुतला. गोरखने हुरड्याचं फडकं सोडलं, त्यात गूळ आणि लसणाची चटणी होती. कोमल पुन्हा व्याख्या पुटपुटायला लागली, तशी तात्यांनी तिला थांबवलं.

"हे बघ. बाईंची चप्पल पाटात गेली. कालव्यात का न्हाय गेली?"

"कालवा कुठं ओलांडतो आपण, तात्या? तिथं पूल हाय."

"मंग? कालवा वलांडता येत न्हाय. पूल आसंल तितंच जायाचं. फाट्याला आपला बांध आसतो, पन रस्ता आडवा आला की तितं खालनं मोरी घालून वाट दिलेली आसती. आन् पाट? म्हस वलांडती, गाडी वलांडती, बाई बी वलांडत्यात."

"बाई पडत्यात," गोरख म्हणाला.

"तुझ्या त्या रेल्वेचं काय हाय ते मला न्हाय ठावं. पन वलांडता येतं का, एवढं इचार. मंग नाव सांग."

  आम्ही दोघींनी एकदमच वही मागितली, आणि वही माझ्याच पिशवीत होती.

मेट्रो कालव्यासारखी. तिचा मार्ग पूर्ण तिचा. जमिनीखालून जावो की खांबांवरून, मध्ये कुणी आडवं येत नाही, म्हणून ती अडत नाही आणि मिनिटामिनिटाला येऊ शकते. लाइट रेल फाट्यासारखी. बहुतेक वाट स्वतःची, पण ठरलेल्या जागी रस्ते तिला छेदतात, तिथे सिग्नल. ट्राम पाटासारखी. रस्त्यातच रूळ, मोटारी त्यावरून जातात, म्हाताऱ्या बायका ओलांडतात. हलकं-जड डब्यात नाहीच. किती माणसांचा भार वाहायचा आणि त्यासाठी वाट किती मोकळी ठेवायची, यात ते आहे.

"आणि उपनगरी रेल्वे?" मी विचारलं. "त्याच रुळांवरून लांबच्या गाड्या जातात, मालगाड्याही जातात."

"मंग ती नदी," तात्या म्हणाले. "नदी एकट्या कुनाची नसती."

कोमलला चेव आला. "तात्या, डोंगरावर दोरानं ओढून नेतात ती? फ्युनिक्युलर?"

"उपसा," गोरख आणि तात्या एकदम म्हणाले. मोटर लावून पाणी उंचावर चढवतात, तो उपसा.

"मोनोरेल?"

तात्यांनी बराच विचार केला. "तसलं हितं न्हाय काय. नसल्याला नाव देऊ नये."

निखिल, तुझी गाडी मी तात्यांना मुद्दाम सांगितली. गावाबाहेर रस्त्याच्या मधोमध चालते, सिग्नलला थांबते, गावात आली की भुयारात शिरते. माझा नातू म्हणतो ती मेट्रोच. तात्या म्हणाले, "चारी दोन फर्लांग पाइपात घातली म्हनून तिचा कालवा हुतो का? पुढं उघडी पडली की म्हस येनारच की." तेव्हा इरा या मुद्द्यावर जिंकली. पण इरा, तुझ्या ट्रामला जिथे मोटारींपासून वेगळी वाट आहे तिथे ती फाटा होते, हे निखिलचं म्हणणंही मान्य कर. तात्यांच्या हिशेबाने एकच पाणी वाटेत तीनदा नाव बदलतं. त्यात पाण्याला कमीपणा नाही.

बारामती, तिसरा दिवस

मुलाखत संगणकावरून होती. कोमलच्या जुन्या शिक्षकांनी त्यांच्या क्लासची खोली दिली. मंगल, तात्या आणि मी बाहेर बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं, पण भिंत प्लायवुडची. सगळं ऐकू येत होतं.

सुरुवात बरी झाली. विजेचे प्रश्न तिने पटापट सोडवले. मग एका बाईंनी इंग्रजीत विचारलं, लाइट रेल आणि मेट्रो यांत फरक काय. कोमलने पाठ केलेली व्याख्या सुरू केली आणि अर्ध्यात थांबली. मंगलने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?"

 मग एका पुरुषाचा आवाज आला, "सांगा."

आणि तिने सांगितलं. कालवा, फाटा, पाट. पाळी म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. वरच्याने मध्येच पाणी घेतलं की शेपटीला पोचत नाही, तशी एक गाडी मध्ये अडकली की मागच्या सगळ्या अडतात. हे शेवटचं मी शिकवलं नव्हतं, तात्यांनीही नव्हतं. बोलता बोलता तिलाच सुचलं.  चार भिंतींच्या त्या खोलीत बसून, जिच्यात कधी बसली नाही ती गाडी ती डोळ्यांसमोर चालवत होती.

"घरात कुणी रेल्वेत होतं का?" त्या पुरुषाने विचारलं.

"पणजोबा होते सर. मोठ्या रेल्वेत नाही. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याचा मळा होता, तिथं ऊस वाहायला छोटे रूळ होते. पणजोबा त्या गाडीवर होते. आमच्या घरात तिला ट्राम म्हणतात."

"ट्राम? माणसं कुठे नेत होती ती? मग ट्राम कशी?"

"रस्ता आणि गाडी एकाच वाटेनं जायची सर. बैलगाड्या रुळांवरून ओलांडायच्या."

"अच्छा. त्यातलं आता काही उरलंय का?"

तात्या बाकावरून थोडे पुढे सरकले.

"माहीत नाही सर," कोमल म्हणाली. "बघून सांगते."

मंगलने कपाळावर हात मारला. आत कुणीतरी हसल्याचा आवाज आला, "ठीक आहे, धन्यवाद," आणि संपलं.

कोमल बाहेर आली तेव्हा तिला आपली चूक कळली होती. "आई, तोंडातून गेलं गं."

"मुलाखतीत बघून सांगतात व्हय?" मंगल म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "हाय म्हणायचं, न्हायतर न्हाय म्हणायचं! ते काय तुझी वाट बघत बसणारेत? सगळा तात्यांचा गुण!"

 भिगवण चौकात आम्ही चहा घेतला, तोही कुणी पुरा प्यायलं नाही. उठताना तात्या एवढंच म्हणाले, "पोरीनं शब्द दिलाय. सकाळी जाऊ."

"कुठं?" मंगलने विचारलं.

"बघायला."

इंदापूरच्या वाटेवर, चौथा दिवस

गोरखने त्याची गाडी दिली आणि स्वतः चालवलीही. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा, पांढरी कापडं पांघरलेल्या. माळावर थंडगार वारा होता. कोमल मागे माझ्याजवळ बसली होती.

तात्यांना जागा नेमकी आठवत नव्हती. लहान असताना वडिलांना भाकरी पोचवायला ते येत, तेव्हाच्या खुणा गेल्या होत्या. आम्ही चार ठिकाणी विचारलं. एका दुकानदाराने सांगितलं, रूळ कधीच उपटून भंगारात गेले. एका म्हाताऱ्या आबांनी एक सरळ उंच वाट दाखवली. तिच्यावरून आता ट्रॅक्टर जातात, पण एवढी सरळ आणि एवढी सपाट वाट शेतकरी कधी काढत नाही. तात्या वाकले, डोळा जमिनीला लावला आणि म्हणाले, "हाच उतार. ट्रामचाच भराव हाय." कालव्याचा उतार डोळ्याने मोजणाऱ्या माणसाने रेल्वेचा उतार ओळखला. 

त्या वाटेने आम्ही दोन तास चाललो. एका गोठ्यावर छपराला तुळई म्हणून रुळाचा तुकडा होता. एका विहिरीवर कप्पी अडकवायला दुसरा. कोमलने दोन्हींचे फोटो घेतले, पण तिचा चेहरा उजळला नाही. "हे उरलं असं नाही म्हणता येणार आजी. हे हलवलेलं आहे."

दुपारी वाट एका चारीला जाऊन भिडली. पलीकडच्या काठावर सारुबाई नावाची एक बाई म्हैस हाकत होती. आम्ही काय शोधतो ते सांगितल्यावर ती म्हणाली, "रूळ व्हय? आवो, तुमच्या पायाखाली हायेत."

खरंच होते. गवताखाली, चारीवर पुलासारखे आडवे, मूळ जागी. भंगारवाला दोनदा आला होता, म्हणाली. "त्याला म्हनलं, काढ खुशाल. पन मंग माझी म्हस तुझ्या डोक्यावरनं नेऊ का? तसाच गेला बाबा."

तात्या खाली बसले. एका हाताने रूळ धरला, जसं कुणाचं मनगट धरावं.  कोमलने माझी छत्री मागून घेतली, दोन रुळांमध्ये आडवी धरली. छत्री बसेना, रुळांमधलं अंतर तिच्याहून कमी निघालं. एवढ्या अरुंद वाटेवरून सगळ्या मळ्याचा ऊस गेला.

तिने तिथेच, चारीच्या काठावर बसून मुलाखतीचं पत्र ज्या ईमेलवरून आलं होतं तिथे मोबाईलवर उत्तर लिहिलं. मी इंग्रजी तपासायला हात पुढे केला. तिने मराठीतच लिहिलं होतं. मी एक अक्षर बदललं नाही.

संध्याकाळी एका ओळीचं उत्तर आलं, "पाहिलं. नोंद घेतली." त्यावरून काही समजत नव्हतं. मंगल रात्रभर त्याचे अर्थ लावत होती. मी पुण्याला परतले, आणि परवा तिचा फोन आला. पहिली दोन मिनिटं नुसतं रडणं होतं. कोमलची निवड झाली. वैद्यकीय तपासणी होऊन पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला जाईल. पत्रामुळे झाली की विजेच्या उत्तरांमुळे, ते कुणी सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारणारही नाही.

कोमलच्या पत्रातला मजकूर मी वहीत उतरून घेतला आहे. तुमच्यासाठी तोच देते.

"सर, बघून आले. आमच्या ट्रामचे रूळ एका ठिकाणी मूळ जागेवर आहेत. लांबी माझी बारा पावलं. दोन्ही रूळ सरळ आहेत. खालून चारीचं पाणी जातं. वरून माणसं आणि एक म्हैस ओलांडते. बाकीचे गेले."